न्यूरोफीडबॅक आणि औषधांखेरीजचे उपाय : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या मुलाला आठव्या वर्षी एडीएचडीचे, म्हणजे अवधान न टिकणे आणि अतिचंचलता यांचे निदान झाले, आणि त्यानंतर वर्षभरातच मला स्वतःला नैराश्याने दुसऱ्यांदा गाठले. औषधांची धास्ती आम्हां नवराबायकोच्या मनात होती, त्यामुळे "औषधांशिवाय काही करता येईल का" या एका प्रश्नाचा माग काढत आम्ही थेट न्यूरोफीडबॅकपाशी, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजून त्या बदलण्याचा सराव देणाऱ्या पद्धतीपाशी, पोहोचलो. मुलाची ३२ सत्रे झाली. त्याच महिन्यांत आम्ही त्याच्या झोपेची वेळ बदलली, वर्गात त्याला पहिल्या बाकावर बसवण्याची विनंती केली आणि मी पालक-प्रशिक्षणही सुरू केले. मुलगा सुधारला. पण तो कशामुळे सुधारला हे मी आजही सांगू शकत नाही, कारण आधी काहीच मोजलेले नव्हते आणि सगळे एकदम सुरू केले होते. तुमची तशी फसगत होऊ नये, म्हणून आज जो क्रम मला योग्य वाटतो तो येथे मांडते. डॉक्टरांकडे जाण्याऐवजी हा लेख वाचू नका. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी वाचा.

१. आधी निदान पक्के करून घ्या

"लक्ष लागत नाही" ही तक्रार आहे, निदान नव्हे. अपुरी झोप, घोरणे आणि झोपेत श्वास अडणे, कमी ऐकू येणे, नजरेचा दोष, थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, चिंता, वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता यांपैकी कशामुळेही लक्ष उडू शकते. काही मुले क्षणभर शून्यात पाहत राहतात आणि पुन्हा भानावर येतात. तो दिवास्वप्नांचा नव्हे, तर अपस्माराच्या एका प्रकाराचा परिणाम असू शकतो, आणि त्यावर उपचार वेगळे असतात. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेनुसार एडीएचडीसाठी काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात, ती किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर, शाळा, कामाची जागा यांपैकी किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. केवळ एका शिक्षकाची तक्रार किंवा केवळ घरातला वैताग पुरेसा नाही.

मनःस्थितीच्या विकारांत आणखी एक प्रश्न विचारला जाणे अत्यावश्यक आहे: याआधी कधी असे दिवस आले होते का, की झोप फार कमी होऊनही थकवा नव्हता, बोलणे आणि विचार भरधाव होते, खर्च किंवा धाडस हाताबाहेर गेले होते? उत्तर "हो" असेल तर द्विध्रुवी विकाराची शक्यता तपासावी लागते. पुढे सांगितलेला प्रकाशोपचार (तेजस्वी दिव्यासमोर बसणे) आणि निद्रानाशासाठी झोपेचे तास मर्यादित करणे हे दोन्ही उपाय अशा व्यक्तीला उन्मादाकडे ढकलू शकतात. मनात जीव संपवण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच मनोविकारतज्ज्ञांना किंवा जवळच्या रुग्णालयातील तातडीच्या विभागाला गाठा. तेथे औषध की बिनऔषध हा वाद घालण्याची वेळ नसते.

निदान करणारी व्यक्ती आणि महागडे सत्र-पॅकेज विकणारी व्यक्ती शक्यतो एकच नसावी, असे माझे ठाम मत आहे.

२. कागदपत्रांची एक फाइल करा

प्रत्येक नव्या ठिकाणी तीच माहिती पुन्हा पुन्हा तोंडी सांगताना आपण थकतो आणि नेमके महत्त्वाचे विसरतो. फाइलमध्ये पुढील कागद ठेवा:

- निदानाचा लेखी अहवाल, आणि झाल्या असतील तर बुद्धिमापन व अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांचे अहवाल
- श्रवण, दृष्टी, रक्त आणि थायरॉइडच्या तपासण्या
- सध्याच्या व जुन्या औषधांची यादी, मात्रेसह. कोणते कधी व का बंद झाले, तेही
- डोक्याला मार, झटके किंवा बेशुद्धी यांचा इतिहास
- मुलाच्या बाबतीत शिक्षकांची लेखी निरीक्षणे आणि गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके
- दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही

आयुर्वेदिक, वनस्पतिजन्य आणि दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्याही यादीत लिहा. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती "नैसर्गिक" म्हणून सर्रास घेतली जाते, पण नैराश्यावरील अनेक औषधांबरोबर ती घेणे धोकादायक ठरू शकते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते.

३. सुरू करण्यापूर्वी मोजा

ही पायरी आम्ही गाळली होती, म्हणून येथे जरा रेंगाळते. लक्ष आणि मनःस्थिती दोन्ही दर आठवड्याला वरखाली होतात. माणूस उपचाराकडे वळतो तो सहसा सर्वांत वाईट आठवड्यात, आणि सर्वांत वाईट आठवड्यानंतर येणारा आठवडा काहीही न करता बहुधा थोडा बरा असतो. त्यात आपण वेळ आणि पैसा ओतलेला असतो, फरक दिसावा ही मनापासून इच्छा असते, आणि मुलाकडे रोज कोणीतरी नव्याने लक्ष देत असते. या सगळ्याची बेरीज उपचाराच्या खात्यावर जमा होते. यात कोणाची लबाडी नसते. आपले मनच असे चालते.

यावर उपाय साधा आहे. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांबद्दल विचारते; प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ आणि एकूण २७ पर्यंत गुण असतात. साधारणपणे पाच गुणांचा फरक हा खरा फरक मानला जातो, एका-दोन गुणांच्या घटीवर आनंदून जाऊ नये. मुलांच्या अवधानासाठी कॉनर्स किंवा व्हँडरबिल्ट या श्रेणी, म्हणजे गुण देऊन भरायच्या प्रश्नावल्या, वापरल्या जातात, आणि त्या पालक व शिक्षक यांनी वेगवेगळ्या भरायच्या असतात. शिक्षकांना शक्य असल्यास कोणता उपाय केव्हा सुरू झाला हे सांगू नका. त्यांचे मत तेवढे निर्मळ राहते. याखेरीज तुमच्या घरातील तीन ठोस गोष्टी निवडा, ज्या मोजता येतील: गृहपाठाला बसल्यापासून उठेपर्यंत किती मिनिटे गेली, सकाळी किती वेळा आठवण करावी लागली, आठवड्यात किती दिवस अंथरुणातून उठणेच झाले नाही. कोणताही उपाय सुरू करण्यापूर्वी किमान दोन आठवडे या नोंदी ठेवा.

४. एका वेळी एकच बदल करा

एक बदल, त्याला सहा ते आठ आठवडे, मग मोजमाप, मग पुढचा बदल. प्रकृती गंभीर असेल तर अर्थात हा नियम पाळत बसू नये. तेव्हा जे जे लागेल ते एकत्र करावे आणि श्रेयाचा हिशेब सोडून द्यावा.

५. ज्यांचा पाया भक्कम आहे, ते उपाय आधी

न्यूरोफीडबॅक नवा आणि यंत्राचा असल्याने आकर्षक वाटतो. पण कमी खर्चाचे, अधिक तपासलेले उपाय आधी करून पाहणे शहाणपणाचे आहे.

मुलांसाठी पहिला क्रमांक पालक-प्रशिक्षणाचा. सहा वर्षांखालील मुलांमध्ये तर औषधाआधी हेच करावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. यात पालकांना दोषी धरले जात नाही, हे मला उशिरा कळले. पहिल्या दोन सत्रांत मी रागावूनच बसले होते. शिकवतात ते असे: सूचना एका वेळी एक आणि छोटी द्यावी, चांगले वर्तन घडताक्षणीच नाव घेऊन वाखाणावे, बक्षीस त्याच दिवशी मिळावे आणि परिणाम आधी ठरलेले असावेत. एडीएचडी असलेल्या मुलाला पुढच्या महिन्यातली सायकल आज दिसत नाही, पण आज संध्याकाळचा अर्धा तास दिसतो. वर्गातील रोजचे प्रगतिपत्रक, म्हणजे दोन-तीन ठरलेल्या गोष्टींवर शिक्षकांची खूण आणि घरी त्याची दखल, हेही याच जातीचे साधन आहे. यामुळे मूळ लक्षणे नाहीशी होत नाहीत, परंतु घरातील संघर्ष आणि वर्तनाच्या अडचणी कमी होतात, आणि माझ्या मते दैनंदिन आयुष्यात त्याला लक्षणांहून कमी मोल नाही.

प्रौढांच्या एडीएचडीसाठी खास बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, वेळेचे नियोजन, कामाचे तुकडे पाडणे आणि टाळाटाळ यांवर उपयोगी पडते. नेहमीची नैराश्याची सीबीटी आणि ही एकच नाही, हे उपचारतज्ज्ञ निवडताना विचारून घ्या.

नैराश्यात मला सर्वाधिक उपयोग झाला तो वर्तन-सक्रियतेचा. मन बरे झाले की कामे करीन, असे नैराश्य सांगते. ही पद्धत क्रम उलटा करते. दिवसाच्या प्रत्येक तासाला काय केले आणि तेव्हा मन कसे होते याची नोंद ठेवायची, मग कोणत्या कृतीने किंचित आनंद किंवा काही साधल्याची भावना येते ते शोधायचे, आणि मनाची वाट न पाहता त्या कृती वेळापत्रकात बसवायच्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात ४४० रुग्णांची तुलना झाली, तेव्हा कमी प्रशिक्षण लाभलेल्या कार्यकर्त्यांनी दिलेली ही साधी पद्धत तज्ज्ञांनी दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी ठरली नाही. ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा येते, त्यांच्यासाठी सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा गट-कार्यक्रम पुनरावृत्ती रोखण्यास मदत करतो. मात्र नैराश्य ऐन भरात असताना डोळे मिटून स्वतःच्या विचारांसोबत बसणे काहींना असह्य होते, तेव्हा त्याची सक्ती करू नये.

झोप ही दोन्ही विकारांची समान किल्ली आहे. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे आणि बराच वेळ झोप न आल्यास उठून दुसऱ्या खोलीत जाणे, ही निद्रानाशावरील सीबीटीची मूळ सूत्रे आहेत. व्यायामाबद्दल थोडक्यात: प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्यात सकाळी उठल्याबरोबर साधारण ३० मिनिटे १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपयोग होतो. डोळ्यांचा विकार असल्यास आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

६. न्यूरोफीडबॅक म्हणजे नेमके काय, हे समजून घ्या

अनेकांचा समज असा असतो की यात मेंदूला वीज दिली जाते. तसे काही नाही. डोक्याच्या त्वचेवर लावलेले इलेक्ट्रोड मेंदूतून येणारे अतिशय क्षीण, व्होल्टच्या लक्षांश भागात मोजावे लागणारे विद्युतसंकेत फक्त ऐकतात. चुंबकीय स्पंदने किंवा सौम्य विद्युतप्रवाह देणारे उपचार वेगळे आहेत, त्यांचे नियम आणि धोकेही वेगळे आहेत. एखाद्या केंद्राने दोन्हींची सरमिसळ केली तर नेमके काय करणार आहात ते लिहून मागा.

जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील हे संकेत प्रथम नोंदवले आणि १९२९ साली प्रसिद्ध केले. या संकेतांचे पट्टे वारंवारितेनुसार ओळखले जातात: थीटा साधारण ४ ते ८ हर्ट्झ (सेकंदाला तितकी आवर्तने), अल्फा ८ ते १२, बीटा त्याहून वर. १९६० च्या दशकात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची लय वाढवायला शिकवले, आणि पुढे अशा शिकवलेल्या मांजरांना एका विषारी रसायनामुळे येणारे झटके उशिरा येतात असे त्यांना आढळले. जोएल लुबार यांनी १९७६ साली हीच कल्पना अतिचंचल मुलाकडे नेली. तत्त्व एवढेच आहे: मेंदूची हवी ती लय दिसली की पडद्यावरचे चित्र पुढे सरकते किंवा सूर वाजतो, नाही दिसली की थांबते, आणि सरावाने मेंदू ती लय धरायला शिकतो, अशी अपेक्षा असते. अवधानासाठी सहसा थीटा कमी आणि बीटा जास्त करण्याचा सराव देतात. नैराश्यासाठी कपाळामागच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या अल्फा लहरींतील फरकावर काम होते.

७. पुरावा काय सांगतो, ते डोळे उघडे ठेवून वाचा

सुरुवातीच्या अभ्यासांत परिणाम मोठे दिसले, पण त्यांत मुलाला काय उपचार चालू आहेत हे मत देणाऱ्या पालकांना ठाऊक होते. २०२१ साली अमेरिकेतील एका अभ्यासात ७ ते १० वयाच्या १४४ मुलांना ३८ सत्रांपर्यंतचा सराव दिला गेला. काहींना त्यांच्या स्वतःच्या लहरींवर आधारलेला प्रतिसाद मिळाला, तर काहींना दुसऱ्याच मुलाच्या आधी नोंदवलेल्या लहरींवर आधारलेला, आणि कोणाला काय मिळते हे मुलांना, पालकांना वा सराव देणाऱ्यांना माहीत नव्हते. दोन्ही गटांतील मुले लक्षणीयरीत्या सुधारली; दोन गटांच्या सुधारणेत एकमेकांपेक्षा ठळक फरक मात्र आढळला नाही. त्यानंतर ३८ नियंत्रित अभ्यासांतील सुमारे २,५०० व्यक्तींची माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणातही, ज्यांना उपचाराची कल्पना नव्हती अशांच्या मतांनुसार एडीएचडीच्या लक्षणांत सरासरी अर्थपूर्ण फायदा दिसला नाही.

हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. नंतर त्याचा अर्थ मला असा लागला: मुले खरोखर सुधारली होती, पण ती सुधारणा बहुधा ठरावीक लहरींच्या सरावाची नव्हती, तर नियमितपणे येणे, स्थिर बसणे, एका प्रेमळ माणसाचे अविभाजित लक्ष मिळणे आणि घरच्यांची आशा पालवणे यांची होती. या गोष्टी खोट्या नाहीत. परंतु त्या मिळवण्याचे याहून स्वस्त मार्ग आहेत, आणि ते आधी चाचपावेत. नैराश्यासाठीचा न्यूरोफीडबॅक तर अजून छोट्या अभ्यासांच्या टप्प्यावर आहे. केवळ त्याच्यावर विसंबू नये.

८. तरीही करायचे असेल, तर केंद्राला हे विचारा

- सराव देणाऱ्या व्यक्तीचे मूळ शिक्षण कोणते, आणि न्यूरोफीडबॅकचे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे का? १९८१ साली स्थापन झालेली बीसीआयए ही संस्था असे प्रमाणन करते.
- कोणत्या जागी इलेक्ट्रोड लावणार, कोणती लय वाढवणार किंवा घटवणार, आणि का?
- डोळ्यांची उघडझाप आणि स्नायूंचे संकेत कसे वगळता?
- प्रगती कशाने मोजणार, आणि कितव्या सत्राला?
- मधेच थांबल्यास उरलेले पैसे परत मिळतात का?

तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दात आवळले किंवा कपाळाला आठ्या घातल्या की स्नायूंची वीज बीटाच्या पट्ट्यात घुसते, आणि यंत्राला वाटते की मेंदू एकाग्र झाला. माझा मुलगा काही सत्रे जबडा आवळूनच खेळ जिंकत होता. ते माझ्या लक्षात आले, सराव देणाऱ्यांच्या नाही.

दुसरा सापळा रंगीत "ब्रेन मॅप"चा. लाल-निळ्या डोक्यांची चित्रे दाखवून "येथे बिघाड आहे" असे सांगितले की पालकाचा धीर सुटतो. पण थीटा आणि बीटा यांच्या गुणोत्तरावरून एडीएचडीचे निदान करू नये, अशी सूचना अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिली आहे. झोप कमी झाली, तरी लहरी बदलतात. चित्र पाहून त्याच दिवशी ४० सत्रांचे पैसे भरू नका. "हमखास", "कायमचे", "औषधे सुटतील" हे शब्द कानी पडले तर तेथून उठा.

९. सत्राच्या दिवशी

केस धुतलेले, कोरडे आणि बिनतेलाचे असावेत. तेलामुळे इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. त्वचा थोडी घासून पेस्ट लावतात, कानाच्या पाळीला चिमटे लावतात. एक सत्र साधारण ३० ते ४५ मिनिटांचे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि एकूण २० ते ४० सत्रे अशी रीत आहे. रात्रभर जागलेल्या किंवा तापातून उठलेल्या मुलाला नेऊ नका. सत्रानंतर डोके दुखणे, थकवा, चिडचिड किंवा झोपेत फरक असे त्रास काहींना होतात. ते तारखेसह नोंदवा आणि सलग दोन-तीनदा झाल्यास सराव थांबवून विचारा. अपस्माराचा इतिहास असल्यास मेंदूविकारतज्ज्ञांच्या संमतीशिवाय सुरूच करू नका.

१०. चालू औषधे स्वतःहून बंद करू नका

नैराश्याची औषधे एकाएकी सोडल्यास चक्कर, बेचैनी आणि झोपमोड होऊ शकते. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध अचानक थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. औषधे आणि बिनऔषधी उपाय हे एकमेकांचे शत्रू नाहीत. माझे नैराश्य शेवटी दोन्हींनी मिळून आटोक्यात आले, आणि सुरुवातीचे काही महिने औषधाविरुद्ध हट्ट धरल्याने ते लांबले, हे मला येथे स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

११. थांबण्याची तारीख आधीच ठरवा

पहिल्या सत्राआधी कागदावर लिहा: अमुक सत्रांनंतर, समजा १५ किंवा २० सत्रांनंतर, पालकांच्या व शिक्षकांच्या श्रेणींत आणि आपण निवडलेल्या तीन गोष्टींत फरक नसेल तर थांबायचे. "आणखी दहा सत्रे घ्या, आता कुठे मेंदू बदलू लागला आहे" असे कोणी म्हणाल्यास तो कागद काढून पाहा. त्या क्षणी निर्णय घेणे कठीण असते, कारण आधी घातलेला पैसा मागे खेचतो. फरक दिसला तरी सत्रे संपल्यावर सहा महिने मोजमाप चालू ठेवा, दर वेळी तीच प्रश्नावली, शक्यतो त्याच व्यक्तीने, आठवड्याच्या त्याच वारी भरा, आणि भरून होईपर्यंत मागचे आकडे उघडू नका.